शोधयंत्रांची परिभाषा आणि विभक्ती गमावलेले मराठी गद्य

बीजशब्द : शोधयंत्र, क्रमनिश्चिती, इष्टतमीकरण, सामान्यरूप, महाजालावरील मराठी गद्य

‘माझी शाळा निबंध मराठी’, ‘संत तुकाराम माहिती मराठी’, ‘पुणे मधील पर्यटन स्थळे’ या धर्तीची शीर्षके महाजालावर मराठी वाचणाऱ्या कोणालाही परिचित आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिल्यास यांतील पहिली दोन शीर्षके वाक्ये नव्हेत, पदबंध नव्हेत आणि समासही नव्हेत. शब्दांचा परस्परसंबंध दाखविणारा एकही प्रत्यय त्यांत नाही. शाळेचा निबंधाशी आणि निबंधाचा मराठीशी संबंध कोणता, हे वाचकाने आपल्या मनाने जुळवून घ्यावयाचे. तिसऱ्या शीर्षकात ‘पुण्यातील’ हा सिद्ध शब्द हाताशी असताना ‘पुणे’ अविकृत ठेवून ‘मधील’ निराळे काढले आहे. अशी रचना करणाऱ्या लेखकास मराठी येत नाही, असे समजण्याचे कारण नाही. घरी तो ‘पुण्यात’ असेच म्हणतो. हे शीर्षक त्याने वाचकासाठी लिहिलेलेच नाही. शोधयंत्राच्या चौकटीत लोक जे शब्द टंकित करतात त्यांची ती नक्कल आहे.

संकेतस्थळाचे पृष्ठ शोधयंत्राच्या निकालांत वरच्या क्रमांकावर यावे म्हणून त्याची रचना करण्याच्या तंत्रास ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ म्हणतात. व्यवहारात ‘एसईओ’ हे आद्याक्षरी रूप रूढ आहे. या तंत्राविषयी मराठीत जे लिहिले गेले ते बहुतांशी मार्गदर्शनपर आहे. त्यातून जे गद्य निर्माण झाले त्याकडे गद्य म्हणून पाहण्याचा प्रयत्न मात्र फारसा झालेला नाही. वास्तविक आपले विद्यार्थी आज जे मराठी गद्य सर्वाधिक वाचतात ते बहुधा हेच आहे. त्यामुळे समीक्षेने त्याकडे तुच्छतेने पाहून चालणार नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या गद्यातील विभक्तिलोप हा लेखकांच्या अज्ञानाचा परिणाम नसून एका परक्या परिभाषेचा विचार न करता केलेल्या स्वीकाराचा परिणाम आहे. आणि ज्या यंत्रासाठी हा लोप केला जातो त्या यंत्राला त्याची आवश्यकता आता जवळजवळ उरलेली नाही.

प्रथम परिभाषेकडे वळू. शोधयंत्राच्या व्यवसायातील मध्यवर्ती संज्ञा पाहिल्या तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. रेलेव्हन्स, ऑथॉरिटी, क्वालिटी, ट्रस्ट, रँक हे सारे मूल्यनिर्णयाचे शब्द आहेत. समीक्षक, न्यायाधीश वा परीक्षक यांच्या तोंडी शोभणारे हे शब्द येथे काही मोजता येण्याजोग्या खुणांना दिलेली नावे म्हणून येतात. इंग्रजीतही ही उसनवारी आहेच. मराठीत मात्र तिला आणखी एक पदर चिकटतो, कारण आपण ज्या शब्दांनी या संज्ञांचे भाषांतर करतो त्यांना आपला स्वतंत्र इतिहास आहे.

‘ऑथॉरिटी’साठी ‘प्रामाण्य’ वा ‘अधिकार’ हे शब्द वापरले जातात. आपल्याकडे प्रामाण्याची चर्चा न्यायदर्शनापासून चालत आली आहे. ज्याचे वचन प्रमाण मानावे तो आप्त कोण, त्याला विषयाचे साक्षात् ज्ञान आहे काय, खरे सांगण्याची त्याची इच्छा आहे काय, हे प्रश्न त्या चर्चेत अपरिहार्य होते. पुढे १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांच्या पिढीने ग्रंथप्रामाण्याविरुद्ध वाद मांडला, तेव्हाही प्रश्न हाच होता की वचन कोणाचे आहे यावरून ते खरे ठरते काय. शोधयंत्राच्या परिभाषेत प्रामाण्य म्हणजे काय? लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात पेजरँक या पद्धतीचे विवेचन आहे. एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठाकडे जाणारा दुवा हा त्या दुसऱ्या पृष्ठाच्या बाजूने पडलेले मत समजावयाचे. मत देणाऱ्या पृष्ठाचे स्वतःचे वजन जितके अधिक तितके ते मत भारी. दुव्यांवरून यदृच्छया भटकणारा एक वाचक कल्पावयाचा. तो शंभरात सुमारे पंचाऐंशी वेळा समोरच्या दुव्याचा मार्ग धरतो आणि उरलेल्या वेळी कंटाळून कुठल्याही भलत्याच पृष्ठावर उडी घेतो. असा वाचक ज्या पृष्ठावर वारंवार पोचेल ते पृष्ठ महत्त्वाचे. याच सुमारास जॉन क्लाइनबर्ग यांनी मांडलेल्या पद्धतीत तर ‘ऑथॉरिटी’ हा शब्दच पारिभाषिक संज्ञा म्हणून आला. गणित म्हणून या दोन्ही रचना सुंदर आहेत, यात शंका नाही. परंतु तेथे आप्ताविषयीचा एकही प्रश्न विचारलेला नाही. किती जणांनी बोट दाखविले आणि बोट दाखविणाऱ्यांकडे किती जणांनी बोट दाखविले, एवढेच मोजलेले आहे.

या मोजणीतून काय घडू शकते याचे २००३ मधील उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘दारुण अपयश’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग शोधला असता गूगलवर अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांचे अधिकृत चरित्रपृष्ठ सर्वप्रथम येऊ लागले. त्या पृष्ठावर हे शब्द नव्हतेच. अनेकांनी ठरवून ते शब्द दुव्याचा मजकूर म्हणून वापरले होते. २००७ मध्ये गूगलने आपल्या पद्धतीत सुधारणा करून हा प्रकार आटोक्यात आणला. राजकीय थट्टा म्हणून तो करमणूक करणारा असला तरी त्यातून ‘प्रामाण्य’ व ‘प्रस्तुतता’ या दोन्ही संज्ञांचा पोकळपणा एकाच वेळी उघडा पडला.

येथे महाविद्यालयीन अध्यापकास ओळखीचे वाटेल असे काही आहे. पेजरँकची मूळ कल्पना संदर्भगणनेच्या शास्त्रातून आली, हे त्या दोघांनी आपल्या निबंधात सांगितलेलेच आहे. यूजीन गारफील्ड यांच्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ने १९६० च्या दशकात शोधनिबंधांना मिळणाऱ्या संदर्भांची पद्धतशीर नोंद सुरू केली. गारफील्ड यांचा मूळ हेतू एका निबंधावरून संबंधित निबंधापर्यंत पोचण्याचा मार्ग देणे हा होता. पुढे त्याच नोंदींचा उपयोग माणसे व नियतकालिके यांची प्रत ठरविण्यासाठी होऊ लागला. मग परस्परांचे संदर्भ देण्याचे साटेलोटे आले. महाजालावर दुव्यांच्या बाबतीत हेच घडले. केवळ एकमेकांना दुवे देण्यासाठी उभारलेल्या संकेतस्थळांच्या समूहांना त्या व्यवसायात ‘लिंक फार्म’ असे नाव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या अधिनियमात गुणांकनाची जी पद्धत आणली, तिच्यापायी नियतकालिकांचे जे पीक आले, त्याला आवर घालण्यासाठी ‘केअर’ यादी २०१९ मध्ये अमलात आली आणि २०२५ मध्ये थांबविण्यात आली. हा सारा प्रवास ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ‘लिंक फार्म’ वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

‘रँकिंग’साठी आपण सर्रास ‘मानांकन’ म्हणतो. या शब्दात ‘मान’ आहे. ग्रंथालयाच्या तालिकेत ग्रंथ वर्णक्रमाने वा वर्गांकाप्रमाणे लागतात. तेथे पहिला ग्रंथ शेवटच्याहून श्रेष्ठ आहे, असे कोणीही समजत नाही. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा या आशयाचे आहे. त्यात कोणता ग्रंथ आधी हा प्रश्नच उद्भवत नाही. शोधयंत्रास निकाल कोणत्या तरी अनुक्रमाने दाखवावे लागतात हे खरे, परंतु त्या अनुक्रमास ‘मानांकन’ म्हटले की यांत्रिक सोयीला प्रशस्तिपत्राचा दर्जा प्राप्त होतो. म्हणून ‘क्रम’ वा ‘क्रमनिश्चिती’ हेच शब्द इष्ट.

‘इष्ट’ या शब्दावरून ‘ऑप्टिमायझेशन’चा पर्याय आठवतो. गणिताच्या परिभाषेत त्यासाठी ‘इष्टतमीकरण’ हा शब्द आहे आणि तो नेमका आहे. गणितात इष्टतमीकरण करताना कोणते फल अधिकतम करावयाचे ते आधी लिहून दाखवावे लागते, मर्यादा सांगाव्या लागतात, आणि मगच उत्तर काढले जाते. पृष्ठांच्या इष्टतमीकरणात ज्याला फल म्हणावे ते सूत्र शोधयंत्राच्या मालकाखेरीज कोणालाच ठाऊक नसते, आणि ते वारंवार बदलते. अज्ञात सूत्राचे इष्टतमीकरण करणे म्हणजे देवाच्या मनात काय आहे ते ओळखून नवस बोलण्यासारखे आहे. या क्षेत्रातील बरेचसे सल्ले नवसाच्या भाषेत असतात ते यामुळेच: मुख्य शब्द पहिल्या शंभर शब्दांत आणा, शीर्षकाच्या आरंभी आणा, मजकूर अमुक इतक्या शब्दांचा करा.

किरकोळ संज्ञांविषयी थोडक्यात. पैसे न मोजता मिळालेल्या निकालांना इंग्रजीत ‘ऑर्गॅनिक’ म्हणतात. त्याचे ‘सेंद्रिय निकाल’ असे भाषांतर वाचताना शेणखताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. महाजालावर हिंडून पृष्ठे गोळा करणाऱ्या आज्ञावलीला ‘स्पायडर’ म्हणत. मराठीत ‘कोळी’ म्हटल्यास मूळ कल्पनेपेक्षा अधिक अचूक अर्थ निघतो, कारण जाळे विणून एका जागी बसणारा जीव कोळी आणि जाळे घेऊन दर्यावर जाणारा माणूसही कोळी. ही आज्ञावली दुसऱ्या कोळ्याप्रमाणे वागते.

आता मुख्य प्रश्नाकडे. ‘कीवर्ड’ या संज्ञेने मराठी वाक्याचे काय केले? यासाठी शब्दांचे वजन ठरविण्याची जुनी पद्धत समजून घेणे अगत्याचे आहे. एखादा शब्द एका लेखात वारंवार येत असेल, परंतु संपूर्ण संग्रहात विरळा असेल, तर तो त्या लेखाचा विषय सुचवितो, असे तिचे तत्त्व आहे. यातील दुसऱ्या भागाची सांख्यिकीय मांडणी कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये केली. पुढील अनेक दशके शोधपद्धतींचा तो पाया राहिला. या मोजणीला ‘शब्द’ म्हणजे दोन मोकळ्या जागांमधील अक्षरसमूह. इंग्रजीत हे बऱ्यापैकी चालते, कारण तेथे संबंध दाखविणारे शब्द स्वतंत्र असतात आणि ते मोजणीतून वगळता येतात. हिंदीतही ‘कपास का भाव’ या रचनेत ‘कपास’ अखंड राहतो, ‘का’ बाजूला उभा असतो. मराठीत ‘कापसाचा भाव’. मूळ शब्द ‘कापूस’. त्याचे सामान्यरूप ‘कापसा’. त्याला प्रत्यय जोडलेला. ‘कापूस’ ही अक्षरे त्या शब्दात शोधून सापडणार नाहीत. पाऊस–पावसात, विहीर–विहिरीवर, मूल–मुलाला, पाणी–पाण्याखालच्यांनासुद्धा: प्रत्येक नामाची अशी अनेक रूपे होतात, आणि शब्दयोगी अव्यये, त्यांवर पुन्हा ‘चा–ची–चे’, त्यांवर पुन्हा विभक्ती अशी चळत रचता येते. ही रूपे एकत्र आणण्याची सोय यंत्रात नसेल तर पाण्याविषयीच्या उत्तम मराठी लेखात ‘पाणी’ हा शब्द दोनचार वेळाच आढळेल आणि त्या लेखाचा विषय पाणी आहे हे यंत्राला उमगणार नाही.

रूपे छाटून मूळ शब्दापर्यंत पोचणेही सरळ नाही. ‘पाण्याचा’ मधून ‘चा’ काढला तर ‘पाण्या’ उरतो, ‘पाणी’ नव्हे. शिवाय एकच रूप दोन मुळांचे असू शकते. ‘भावाला’ हे रूप ‘भाव’ या शब्दाचेही आहे आणि ‘भाऊ’ या शब्दाचेही. कापसाला चांगला भाव मिळाला की नाही आणि भावाला कापूस मिळाला की नाही, हे वाक्य पूर्ण वाचल्याखेरीज कळत नाही. ज्या भाषेत अर्थ प्रत्ययात आहे त्या भाषेतून प्रत्यय वगळून शब्द मोजणे म्हणजे दोरा काढून घेऊन मणी मोजण्यासारखे आहे.

या अडचणीवर मराठी संकेतस्थळांच्या लेखकांनी जो उपाय काढला तो इंग्रजी व हिंदी मार्गदर्शनावरून घेतलेला होता: मुख्य शब्द जसा शोधला जातो तसाच, रूप न बदलता, लेखात पुनःपुन्हा आणावयाचा. इंग्रजीतील ‘कॉटन प्राइस टुडे’ ही त्या भाषेला मानवणारी रचना आहे. तिची सावली असलेला ‘कापूस बाजारभाव आज’ हा शब्दसमूह मराठीत कोठेच बसत नाही. अशा लेखांचा सर्वसाधारण नमुना पुढीलप्रमाणे असतो. हा उतारा कोणत्याही एका संकेतस्थळावरून घेतलेला नसून प्रस्तुत लेखकाने प्रकार दाखविण्यापुरता रचला आहे:

‘कापूस बाजारभाव आज काय आहे हे प्रत्येक शेतकरी जाणून घेऊ इच्छितो. या लेखात आपण कापूस बाजारभाव आज याविषयी संपूर्ण माहिती पाहणार आहोत. कापूस बाजारभाव आज जाणून घेण्यासाठी हा लेख शेवटपर्यंत नक्की वाचा. चला तर मग, सुरुवात करूया.’

चार वाक्ये झाली, आणि भाव कळलेला नाही. बाजार समितीच्या दारात उभा असलेला माणूस ‘कापसाला काय भाव लागला?’ असे विचारतो. त्याच्या प्रश्नातील ‘ला’ या एका प्रत्ययाने भाव कोणी कोणाला दिला ही सगळी घटना उभी राहते. वरील उताऱ्यात घटना नाही. कर्ता आहे तो ‘प्रत्येक शेतकरी’, आणि तोही इच्छा करण्यापलीकडे काही करीत नाही. क्रियापदे पाहावीत: जाणून घेणे, पाहणे, वाचणे, सुरुवात करणे. सर्व क्रिया वाचण्याच्याच. हे गद्य स्वतःच्या वाचनाविषयी बोलते, विषयाविषयी नव्हे.

वाचकाला ताटकळत ठेवण्याची रीत मराठी निबंधाला नवी नाही. फडके-खांडेकरांच्या लघुनिबंधात लेखक विषयाभोवती घिरट्या घालतो, आणि त्या घिरट्यांतच वाचकाचे सुख असते. परंतु तेथे विलंबातून लेखकाचे व्यक्तिमत्त्व प्रकट होत असे. येथे विलंब हा एक जागा आहे. त्या जागेत जाहिरात बसते. वाचक जितका खाली सरकेल तितक्या जाहिराती त्याच्या दृष्टीस पडतात. जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल, अशी भीती पेज व ब्रिन यांनी १९९८ च्या त्या निबंधाच्या परिशिष्टात व्यक्त केली होती. त्यांच्याच कंपनीने २००० मध्ये जाहिरातविक्रीची आपली योजना सुरू केली. यंत्राविषयी व्यक्त केलेली ही शंका यंत्रासाठी लिहिलेल्या गद्यालाही लागू पडते.

विभक्तिलोपाचा सर्व दोष इष्टतमीकरणावर टाकणे मात्र न्याय्य होणार नाही. जाहिरातींचे फलक, शासकीय योजनांची नावे, हिंदीवरून घाईने केलेली भाषांतरे यांतूनही ‘पुणे मध्ये’, ‘सातारा मधील’ अशी रूपे रूढ होत होती. व्यक्तिनामांचे सामान्यरूप टाळून ‘तुकाराम यांचे’ म्हणण्यामागे आदराची भावना आहे आणि ती मराठीने स्वीकारलेली आहे. तरी गावाच्या नावास असा आदर दाखविण्याची आपली रीत नाही. नागपूरकर ‘नागपुरात’ म्हणतो आणि त्यात नागपूरचा अवमान होत नाही. फरक इतकाच की, पूर्वी ही रूपे निष्काळजीपणाने येत असत. आता ती सल्ला म्हणून शिकविली जातात. गृहपाठ तपासताना पदवीच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत ‘या लेखात आपण पाहणार आहोत’ हे वाक्य हस्ताक्षरात लिहिलेले भेटते, तेव्हा कागदावरील निबंधाला कोणत्या शोधयंत्राने शोधावे असा प्रश्न पडतो. हा नमुना आता गद्याचा संकेत झाला आहे.

आणि येथेच या साऱ्या प्रकारातील विसंगती आहे. पृष्ठाच्या अंतर्गत नोंदीत लपवून ठेवलेली मुख्य शब्दांची यादी आपण क्रमनिश्चितीसाठी वापरत नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. त्याआधी फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ शब्दांनी भरलेली फसवी प्रवेशपृष्ठे वापरल्यामुळे निकालांतून काही काळ काढून टाकण्यात आले होते. २०११ मधील ‘पांडा’ या बदलाने उथळ मजकूर खाली ढकलला, २०१२ मधील ‘पेंग्विन’ने विकतचे दुवे. २०१९ पासून ‘बर्ट’ या भाषिक प्रतिमानाच्या साहाय्याने प्रश्नातील शब्दांचा परस्परसंबंध विचारात घेतला जाऊ लागला. इंग्रजीतील ज्या लहान संबंधदर्शक शब्दांना पूर्वी यंत्र केराची टोपली दाखवीत असे, तेच आता अर्थनिर्णायक ठरतात. म्हणजे यंत्र हळूहळू विभक्तीकडे येत आहे आणि यंत्रासाठी लिहिणारे विभक्तीपासून दूर जात आहेत. सल्ला यंत्रापेक्षा जुना आहे.

गूगलच्या मानवी परीक्षकांसाठी असलेल्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये कौशल्य, प्रामाण्य व विश्वासार्हता यांच्या जोडीला ‘अनुभव’ ही कसोटी समाविष्ट झाली. या परीक्षकांच्या गुणांनी एखाद्या पृष्ठाचा क्रम थेट बदलत नाही, हेही तेथे स्पष्ट केलेले आहे. नवकथेच्या काळापासून मराठी समीक्षेत ‘अनुभव’ या शब्दावर किती वाद झाले ते आपण जाणतो. अनुभव शब्दांपूर्वी असतो की शब्दांतच घडतो, हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. इष्टतमीकरणाच्या सल्लागारांनी तो सहज मिटविला: लेखात ‘मी स्वतः वापरून पाहिले आहे’ असे एक वाक्य घाला.

मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात गूगलने निकालांच्या वर यंत्ररचित सारांश दाखविण्यास प्रारंभ केला. भारतात प्रारंभी तो इंग्रजी व हिंदीत होता. अशा सारांशामुळे क्रमवारीचे महत्त्व घटेल असे काहींना वाटते. परंतु सारांश ज्या पृष्ठांच्या आधारे तयार होतो ती शोधातूनच येतात. जे मराठी लेखन सापडतच नाही ते सारांशातही येणार नाही. म्हणून या प्रश्नाची दुसरी बाजू, जी आपल्या व्यवसायाशी थेट निगडित आहे, तिचा विचार करणे भाग आहे. विभक्तिहीन गद्य वर का येते याचे एक उत्तर असे की, विभक्तीसह लिहिणाऱ्यांचे गद्य स्पर्धेतच नाही.

महाविद्यालयांची संशोधनपर नियतकालिके, चर्चासत्रांची इतिवृत्ते, स्मरणिका यांतील मराठी मजकूर दीर्घकाळ श्रीलिपी, कृतिदेव, आकृती, शिवाजी यांसारख्या टंकांत अक्षरजुळणी होऊन छापला गेला. अनेक ठिकाणी अद्यापही तसाच छापला जातो. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे. वरील टंकांत मात्र देवनागरी केवळ दिसते. साठविली जाते रोमन. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या स्मृतीत ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने असतो. माणसाला तो ‘मराठी’ दिसतो, यंत्राला ती निरर्थक अक्षरे. त्या मजकुराची पीडीएफ प्रत संकेतस्थळावर चढविली की मूल्यांकनासाठी पुरावा तयार होतो, परंतु त्यातील एकही मराठी शब्द शोधाला प्रतिसाद देत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी मजकूर मोठ्याने वाचणारी आज्ञावलीदेखील तेथे तीच निरर्थक अक्षरे वाचते. इष्टतमीकरणाच्या नावाखाली जे काही सांगितले जाते त्यात ग्राह्य भाग कोणता, याचे उत्तर या उदाहरणात आहे. मजकूर खऱ्या अक्षरांत असावा, पृष्ठास अर्थपूर्ण शीर्षक असावे, चित्रांना वर्णन असावे, लेखास स्वतःचा स्थिर पत्ता असावा. या गोष्टी यंत्राला रिझविण्यासाठी नसून वाचकाप्रत पोचण्यासाठी आहेत. गूगल स्कॉलरच्या सूचनाही अशाच साध्या आहेत: प्रत्येक निबंध स्वतंत्र फाइलमध्ये असावा, शीर्षक पहिल्या पानावर ठळक असावे, त्याखाली लेखकाचे नाव असावे, गोषवारा विनाअडथळा वाचता यावा. आपल्याकडे संपूर्ण अंक एकाच फाइलमध्ये चढविण्याचा प्रघात आहे. त्यामुळे तीसचाळीस निबंध एका नावाखाली गाडले जातात आणि त्यांचे बीजशब्द, जे आपण इतक्या निष्ठेने पहिल्या पानावर देतो, कोणत्याच बीजाचे काम करीत नाहीत.

युनिकोड स्वीकारल्यानेही सर्व काम संपत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आले. तत्पूर्वी ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहीत असत. दोन्ही रूपे डोळ्याला सारखीच, यंत्राच्या स्मृतीत भिन्न. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘साताऱ्यात’ यांतील रफाराचे खास मराठी रूपही दोन प्रकारे टंकित होते: एकदा खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ने, एकदा साध्या ‘र’नंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. मोठी शोधयंत्रे असे भेद बऱ्याच अंशी सांभाळून घेतात. ग्रंथालयाची तालिका, संस्थेचा स्वतःचा संग्रह, पीडीएफ वाचताना केलेला साधा शोध येथे मात्र ते दोन निराळे शब्द ठरतात, आणि साताऱ्यावरील निबंधांपैकी काहीच हाती लागतात. शासनाच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने अक्षरांचे आकार व वर्णमाला निश्चित केली. कागदावरील लेखनासाठी ते पुरेसे होते. कोणते अक्षर कोणत्या संकेतक्रमाने साठवावे हे महाविद्यालयाच्या संपादक मंडळास आपल्या अक्षरजुळणी करणाऱ्याला स्वतंत्रपणे सांगावे लागते, आणि मागील अंक रूपांतरित करताना प्रत्येक रफार एकदा डोळ्यांखालून घालावा लागतो. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत. परंतु जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी यांत ती चुकतात, आणि मुद्रितशोधनाला पर्याय राहत नाही.